ऑल्डरशॉटची वाळू: हिवाळ्यातली प्रगती

इंग्लंडच्या दक्षिणेतल्या चिकणमातीच्या वाटा नोव्हेंबर लागला की सायकलची चाकं धरून ठेवतात. म्हणून यंदाच्या हिवाळ्यात मुक्काम ऑल्डरशॉटच्या लष्करी जमिनीवर हलवला. इथे खाली वाळू आणि टेकड्यांच्या माथ्यावर गारगोटीचा खडा. रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी चढावर पकड मिळते. अपवाद लाँग व्हॅलीचा. लष्करी गाड्यांनी उकरलेल्या तिथल्या डबक्यांची खोली बाहेरून कळत नाही, त्यामुळे कडेकडेनेच जायचं.

मुख्य काम वाळूवर चाललंय. पुढच्या टायरची हवा २४ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) २० वर आणली, हँडल सैल धरायला शिकलो, वजन मागे. भुसभुशीत वाळूत ब्रेक दाबला की पुढचं चाक रुततं. पेडल मारत राहिलं की सायकल आपली वाट शोधते. सीझर्स कॅम्पचा चढ (नाव सीझरचं, किल्ला त्याच्याही आधीचा, लोहयुगातला) आता निम्म्याच्या वरपर्यंत पाय न टेकता होतो. शेवटच्या टप्प्यात सुटी गारगोटी आहे, तिथे मागचं चाक घसरतंच. या गारगोट्यांच्या धारेने टायरची बाजू फाटते, तेव्हा ट्यूबलेस करा आणि बाजू जाड असलेलाच टायर घ्या.

लष्कर इथे १८५४ पासून आहे. माझ्या मते हा माळ वाचला तो त्यामुळेच, नाहीतर लंडनच्या इतक्या जवळ एव्हाना घरं झाली असती. हीदरची बुटकी झुडपं आणि पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स टिकवायचं तर बर्च आणि पाइनची रोपं सतत काढावी लागतात, नाहीतर माळाचं रान होतं. मार्चपासून चंडोल, मेमध्ये आफ्रिकेतून आलेला रातवा जमिनीवरच अंडी घालतात. त्या दिवसांत रुंद वाटा सोडायच्या नाहीत, आणि उड्यांसाठी खोदकाम तर कधीच नाही.

पूर्वेला ॲश रेंजेसवर खरा गोळीबार चालतो. लाल निशाण वर असेल तर मागे फिरायचं, ‘आज रविवार आहे’ वगैरे तर्क चालवायचे नाहीत. गोळीबाराच्या वेळा संरक्षण खातं आधी जाहीर करतं, त्या बघूनच निघा. जमिनीवर धातूचं काही दिसलं तर हात लावू नका.

राउंड हिलजवळ वेलिंग्टनचा प्रचंड अश्वारूढ पुतळा लागतो, १८८५ मध्ये लंडनहून इथे आणलेला. १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला तो हाच. मी घंटी वाजवून पुढे जातो.

वाळूने ब्रेक पॅड आणि साखळी झपाट्याने झिजतायत. आता सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड आणि साखळीला मेण लावून बघणार आहे. वाळूत मेण वापरलेलं कुणी असेल तर किती टिकतं ते सांगा. फेब्रुवारीत सीझर्स कॅम्पचा तो शेवटचा टप्पा, बहुतेक १८ पीएसआयवर.