पद्मिनी अपडेट: स्लीव्ह पास, तरी व्हेपर लॉक

भर मे महिन्यातल्या दुपारी, मागे ट्रकांची रांग असताना, माझी जुनी प्रीमियर पद्मिनी खंबाटकी घाट एकही आचका न देता चढली. मागच्या अपडेटमध्ये पेट्रोलच्या लाइनवर चढवलेली ती धग परतवणारी चंदेरी स्लीव्ह पावली म्हणायची. मग सुरूरला चहाला थांबलो आणि पंधरा मिनिटांनी बाईसाहेब रुसल्या. स्टार्टर गरगर फिरतोय, एसी पंपाअलीकडच्या (इंजिनवरचा यांत्रिक पेट्रोल पंप, एअर कंडिशनर नव्हे) पारदर्शक फिल्टरमध्ये तळाला जेमतेम पेट्रोल आणि वर नुसते बुडबुडे. म्हणजे व्हेपर लॉक, लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडलेला. शेवटी जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय, पंपावर ओलं फडकं. बुडबुडे विरले, फिल्टर भरला, निघालो.

म्हणजे चालत्या गाडीत स्लीव्ह पास, उभ्या गाडीत नापास. चालताना पंख्याचा वारा असतो, टाकीतून थंड पेट्रोल येत राहतं. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतं, पण धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचं बीड (ओतीव लोखंड) तापलेलंच. स्लीव्ह समोरून येणारी धग परतवते. बॉनेटखाली कोंडलेल्या गरम हवेपुढे तिचं काही चालत नाही. त्यात टाकी ते पंप हा ओढीचा भाग. तिथे दाब कमी, म्हणून पेट्रोल लवकर उकळतं. त्याचे हलके घटक तसेही ४० अंशांच्या आसपास उडायला लागतात. वर इथेनॉल. ते एकटं ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब उलट वाढतो.

आधीच्या मालकाच्या मिस्त्रीने पेट्रोलची लाइन धुराच्या बेंड पाइपापासून दोन बोटांवरून नेलीय, खरं दुखणं तिथे आहे. मध्ये आता १ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवलाय, दोन्ही बाजूंना साधारण १२ मिमी मोकळी हवा, वर-खाली उघडा. इंजिन गरम असतानाही पत्र्याच्या लाइनकडच्या बाजूला क्षणभर बोट टेकवता येतं! पत्रा नाना पेठेतला, स्लीव्ह ऑनलाइन मागवलेली, आणि पैसे पत्र्यानेच वसूल केले. पत्र्यावर ऑइल, धूळ बसू देऊ नका, काळवंडला की धग परतवणं संपलं. बीडाच्या मॅनिफोल्डला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायचा सल्ला मला पटत नाही. ओल धरते आणि बीड तडकायची भीती.

पंपाखाली उष्णता अडवायला जाड बेकेलाइट घालायचा विचार होता. पण जाडी वाढली की पंपाचा स्ट्रोक कमी होतो, म्हणून रद्द. मग टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवायचं ठरवलं होतं, ०.२ बारच्या आसपासचा, त्याहून जास्त दाब कार्ब्युरेटरच्या नीडल व्हॉल्व्हला झेपत नाही. सोबत ऑइल प्रेशर स्विचवरचा रिले (ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा) हवाच, नाहीतर अपघातात इंजिन बंद आणि पंप मात्र पेट्रोल ओततोय.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी रिटर्न लाइनच करावी. एसी पंपानंतर टी (तीन तोंडांचा जोड), त्यात दीड मिमी भोकाचा जेट, तिथून नळी परत टाकीत. वाफेला कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये घुसण्याऐवजी परतीची वाट मिळेल आणि पंपातून पेट्रोल सतत खेळतं राहील. इलेक्ट्रिक पंप मग लागला तर लागला. टाकीला भोक पाडायचं नाही. टाकीतलं फ्लोट युनिट (पेट्रोलची पातळी दाखवणारं) काढून, धुऊन, टेबलावर त्यालाच नळी ब्रेझ करायची. कुणी केलंय का? नळी किती आत सोडली तेवढं सांगा, फ्लोटला अडायला नको.