चौकुळच्या व्हाळावर

आंबोलीला लोक पावसात जातात, धबधब्याखाली भिजायला. मी नोव्हेंबरात गेले, ते एका टाचणीसाठी. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. चतुर पंख आडवे पसरून बसतो, ही बहुधा पाठीवर मिटून घेते.

चौकुळच्या अलीकडे व्हाळ आहे. (याच चौकुळातून २०२२ मध्ये एका नव्या चतुराची नोंद झाली आणि त्याच्या शास्त्रीय नावात गाव कायमचं बसलं!) काठावर कपडे धूत असलेल्या काकींना विचारलं, तर त्यांनी पाण्यातल्या दगडाकडे बोट केलं. "वायच थांब. तो परत ह्याच धोंड्यार येतलो."

आणि आला. स्ट्रीम ग्लोरीचा नर, न्यूरोबेसिस चायनेन्सिस. १७५८ मध्ये लिनियसने दिलेल्या नावात चीन असला, तरी सह्याद्रीच्या वाहत्या पाण्यावर ही टाचणी हक्काने नांदते. मिटल्या पंखांनी बसला तेव्हा तो नुसता काळपट काटकीसारखा दिसला. मग पंख उघडले आणि माझा श्वासच अडकला. पुढचे पंख काचेसारखे, मागचे मोरपिशी हिरवे, टोकाला काळे. हा हिरवा कुठल्या रंगद्रव्याचा नाही. पंखाच्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे. म्हणून ऊन गेलं की तो विझतो.

दुसरा नर जवळ आला की दोघं पाण्यावर गोल गोल घिरट्या घालायचे. पाहुणा हुसकला की हा परत त्याच धोंड्यावर. तासभर हेच चाललं आणि मला जराही कंटाळा आला नाही.

दुपारी मादी आली. पिवळसर तपकिरी पंख, त्यांवर पांढरे ठिपके. मीलन झाल्यावर ती पाण्यात लोंबणाऱ्या एका मुळावर उतरली, पोटाचं टोक वाकवून मुळात अंडी रोवू लागली आणि रोवता रोवता खाली सरकत पूर्ण बुडाली. अंगाभोवती हवेचा रुपेरी पापुद्रा चमकत होता. नर वर पहाऱ्याला. अंड्यांतून निघणारी पिल्लं पाण्यातच वाढतील, शेपटाच्या तीन पात्यांचे कल्ले घेऊन, घडीचा ओठ झटक्यात पुढे फेकून शिकार करत.

काकींनी साबणाचं पाणी व्हाळात न सोडता वर मातीत ओतलं. मी न सांगता. फार बरं वाटलं.

मी मुळाकडेच बघत होते. ११ मिनिटांनी मादी मुळावरून चढत वर आली, ओले पंख दोनदा उघडमिट केले आणि समोरच्या नेच्यावर जाऊन बसली.