रेड सॉक्सला उशीर किती महाग पडला

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या बोस्टन रेड सॉक्स या संघाने 10 फेब्रुवारी 2020 रोजी मूकी बेट्सला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे धाडलं. दोनच हंगामांपूर्वी, 2018 मध्ये, तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, होता आणि संघाने 108 सामने जिंकून वर्ल्ड सिरीज हे विजेतेपदही घेतलं होतं. बेट्सबरोबर डेव्हिड प्राइस हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गेला. प्राइसच्या करारातले 9.6 कोटी डॉलर बाकी होते, त्यातले निम्मे बोस्टननेच भरायचं कबूल केलं. बदल्यात ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वॉंग आले. पाच महिन्यांनी डॉजर्सनी बेट्सशी 12 वर्षांचा, 36.5 कोटी डॉलरचा करार केला. तिथे त्याने 2020, 2024 आणि 2025 अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. डाउन्सला बोस्टनने 2022 च्या डिसेंबरात वेव्हरवर, म्हणजे इतर कुणालाही उचलता येईल असं, सोडलं आणि त्याच्या बदल्यात काहीच मिळालं नाही. व्हर्डुगो वर्षभराने थेट कट्टर प्रतिस्पर्धी यांकीजकडे गेला. तिघांतला वॉंग तेवढा टिकला.

या सौद्याचा विषय निघाला की मालकांच्या कंजूषपणावर बोललं जातं. राग रास्त आहे, पण निदान अर्धंच आहे. याच मालकांनी त्याआधी आणि त्यानंतरही कोट्यवधी डॉलर ओतलेत. चूक होते ती वेळेत. ज्या हिवाळ्यात निर्णय घ्यायला हवा, तो हिवाळा नुसता जाऊ द्यायचा आणि पर्याय संपले की मिळेल त्या भावात उरकायचं, हे बोस्टनमध्ये पुन्हा पुन्हा घडलं आहे.

आधी कराची रेषा समजून घेऊ, कारण प्रत्येक वेळी तिचंच नाव पुढे केलं जातं. आयपीएलची पर्स ही पक्की मर्यादा असते. ती ओलांडताच येत नाही. मेजर लीगचा लक्झरी टॅक्स तसा नाही. रेषा ओलांडता येते, फक्त वरच्या रकमेवर कर लागतो. 2020 साठी ही रेषा 20.8 कोटी डॉलरवर होती. पहिल्या वर्षी 20 टक्के, सलग दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्यापासून 50. एक वर्ष रेषेखाली राहिलं की गाडी परत 20 टक्क्यांवर येते. हिशेबात खेळाडूचा त्या वर्षीचा पगार धरत नाहीत, करारातली वार्षिक सरासरी धरतात. चाळीस जणांच्या रोस्टरवरचे, म्हणजे संघाच्या यादीतले, सगळे करार आणि खेळाडूंच्या विमा-निवृत्तिवेतनासारख्या लाभांमधला संघाचा वाटा त्यात येतो.

बोस्टनने 2018 आणि 2019 मध्ये रेषा ओलांडली होती. म्हणजे 2020 मध्ये ती दोन कोटींनी ओलांडली असती, तर कर एक कोटी डॉलर झाला असता. बेट्सचा त्या वर्षाचा पगार 2.7 कोटी होता. प्राइसच्या पगाराचा अर्धा भार धरून या एका सौद्याने सव्वाचार कोटींच्या आसपास रक्कम हिशेबातून कमी झाली. पण मुळात हा बोजा बेट्समुळे झालाच नव्हता. प्राइसचा सात वर्षांचा 21.7 कोटींचा करार, नेथन इओव्हाल्डीचे चार वर्षांचे 6.8 कोटी, आणि सगळ्यात खटकणारं म्हणजे मार्च 2019 मध्ये ख्रिस सेलला दिलेले पाच वर्षांचे 14.5 कोटी. सेलच्या जुन्या करारात अजून एक हंगाम बाकी होता आणि 2018 मध्ये त्याचा खांदा कुरकुरत होता. नवा करार लागू होण्याच्या वर्षीच त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. म्हणजे जिथे थांबायला हवं होतं तिथे घाई केली आणि ज्याच्यासाठी घाई करायला हवी होती त्याला ताटकळत ठेवलं.

खेळाडूचं घड्याळ रोस्टरवरच्या दिवसांवर चालतं. मेजर लीगमध्ये 172 दिवस भरले की एक वर्ष. साधारण तीन वर्षांनी पगार लवादाकडे नेता येतो आणि सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, म्हणजे फ्री एजंट. बेट्स जून 2014 मध्ये आला, त्यामुळे तो 2020 अखेर सुटणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या देवाणघेवाणीत, खेळाडूची किंमत उरलेल्या हंगामांवर ठरते. दोन हंगाम उरले असताना समोरचा संघ आपले उत्तम तरुण खेळाडू काढतो. एकच उरला की तो हात आखडतो, आणि सोबत नको असलेला करारही गळ्यात मारला तर आणखीच. एमव्हीपीला वर्ल्ड सिरीजनंतरच्या हिवाळ्यात कुणी विकत नाही, हे खरं. मग त्याच हिवाळ्यात करार तडीस न्यायचा. तेव्हाच्या बातम्यांनुसार बोस्टनची तयारी दहा वर्षांच्या 30 कोटींची होती आणि बेट्सची मागणी 42 कोटींची. शेवटी तो 36.5 वर थांबला. अगदी मधोमध! अशा अंतरावरची बोलणी एका हिवाळ्यात जुळू शकतात, पण त्यासाठी पैसे आधीच दुसऱ्यांना वाटून मोकळं व्हायचं नसतं.

बेट्सइतकं बोललं जात नाही, पण रोस्टर कसं चालवू नये हे शिकायचं तर 2022 चा हंगाम बघावा. आदल्या वर्षी संघ अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला होता. त्यात काइल श्वार्बर होता. तो फ्री एजंट झाला आणि फिलाडेल्फियाने चार वर्षांच्या 7.9 कोटींत नेला. 2022 मध्ये त्याने 46 होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे) मारून नॅशनल लीग या दुसऱ्या गटात पहिला क्रमांक मिळवला. हंटर रेन्फ्रोने 2021 मध्ये बोस्टनसाठी 31 होम रन मारले होते. त्याला मिलवॉकीला देऊन जॅकी ब्रॅडली आणि दोन होतकरू खेळाडू घेतले. ब्रॅडली चेंडू अडवण्यात अजूनही वाघ होता, पण आदल्या वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी .163, म्हणजे फारच कमी, होती. त्याचा पगार 95 लाख, शिवाय पुढच्या वर्षाचा पर्याय नाकारायचे 80 लाख. एवढे पैसे मोजून खरं तर ते दोन होतकरूच विकत घेतले होते. ऑगस्टमध्ये ब्रॅडलीला सोडून दिलं. फर्स्ट बेसवर (फलंदाज धावत पहिल्यांदा जिथे पोचतो ती जागा) बॉबी डॅलबेक आणि आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, वाढलेला फ्रँची कॉर्डेरो आलटून पालटून उभे राहिले. फर्स्ट बेस म्हणजे नुसतं पाय ठेवून चेंडू झेलणं, असा अनेकांचा समज असतो. पण शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाचा) जमिनीवर टप्पा घेऊन आलेला थ्रो उचलता आला नाही की एका आउटच्या जागी धावपटू दुसऱ्या बेसवर जाऊन बसतो. पिचरला त्या डावात आणखी पंधरा-वीस चेंडू टाकावे लागतात आणि सहाव्या डावातच बुलपेन, म्हणजे राखीव पिचरांचा ताफा, उघडावं लागतं.

ऑगस्टच्या ट्रेड मुदतीला संघ विजय-पराभवांत जेमतेम बरोबरीत होता. तेव्हा दोनच सरळ रस्ते होते: विकायचं किंवा घ्यायचं. बोस्टनने दोन्ही अर्धंमुर्धं केलं. क्रिस्तियन व्हास्केज या कॅचरला (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा) ह्यूस्टनला दिलं. त्या दिवशी सामना ह्यूस्टनशीच आणि तिथेच होता. मैदानावर सराव चालू असताना त्याला कळलं की आपलं ड्रेसिंग रूम आता पलीकडचं. त्याच मोसमात वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यातला नो-हिटर, म्हणजे विरोधकांना एकही हिट न दिलेला सामना, त्याच्याच ग्लव्हमध्ये झेलला गेला. दुसरीकडे टॉमी फॅम आणि एरिक हॉस्मरला आणलं, आणि करार संपत आलेले जे. डी. मार्टिनेझ आणि इओव्हाल्डी दोघेही ठेवून घेतले. संघ 78 विजय आणि 84 पराभवांवर, विभागात शेवटचा.

शेवटच्या क्रमांकावर येऊनही बोस्टनने 2022 ची 23 कोटींची कराची रेषा ओलांडली होती. कर फार नव्हता, 12 लाख डॉलरच्या आसपास. म्हणजे 20 टक्क्यांच्या हिशेबाने रेषेवर साधारण 60 लाख. मार्टिनेझचा करार पाच वर्षांचा 11 कोटींचा, म्हणून त्याची सरासरी 2.2 कोटी. हंगाम 182 दिवसांचा, मुदतीनंतर उरले 65. भागाकार केला तर त्याचा उरलेला वाटा 78 लाखांच्या घरात येतो. तेवढा पगार उचलायला एक संघ मिळाला असता तर रेषेखाली जायला पुरेसं होतं.

खरा फटका पुढे बसला. झँडर बोगार्ट्सला एप्रिल 2019 मध्ये सहा वर्षांचा 12 कोटींचा करार दिला होता, पण 2022 नंतर बाहेर पडायची मुभा ठेवून. 2022 च्या वसंतात त्याला मुदतवाढ म्हणून जेमतेम एक जादा वर्ष देऊ केल्याचं छापून आलं, आणि त्याच सुमारास ट्रेव्हर स्टोरी या दुसऱ्या शॉर्टस्टॉपशी 14 कोटींचा करार झाला. बोगार्ट्स काय समजायचं ते समजला. डिसेंबरात तो सॅन डिएगोशी 11 वर्षांच्या 28 कोटींवर सही करून मोकळा झाला. एवढा लांब करार मलाही पटत नाही, पण सॅन डिएगोच्या हिशेबात त्याची वार्षिक सरासरी अडीच कोटींच्या आसपासच पडते. क्वालिफाइंग ऑफर (जुन्या संघाचा एका वर्षाचा, ठरावीक रकमेचा देकार) नाकारून खेळाडू गेला की जुन्या संघाला भरपाई म्हणून नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. कर न भरणाऱ्या बोस्टनला ती दुसऱ्या फेरीनंतर मिळाली असती. कर भरल्यामुळे चौथ्या फेरीनंतर मिळाली. इओव्हाल्डी गेला तेव्हाही तेच. शेवटच्या क्रमांकाच्या संघाने 60 लाखांसाठी दोन निवडी दोन-दोन फेऱ्या मागे ढकलल्या.

आणि व्हास्केजचा सौदा? तो उत्तम निघाला. त्यात आलेल्या विल्यर अब्रेयूने 2024 मध्ये राइट फील्डचा (उजवीकडच्या आउटफिल्डचा) गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार जिंकला. विकायचं ठरवून विकलं तर काय हाती येतं, हे त्याच आठवड्यात दिसत होतं.

राफाएल डेव्हर्सच्या बाबतीत करार वेळेत झाला, 2023 च्या जानेवारीत, दहा वर्षांचे 31.35 कोटी. पण बोगार्ट्स जाऊन महिनाही झाला नव्हता. चाहत्यांच्या संतापाला उत्तर म्हणून तो झाला असं आजही वाटतं. तो थर्ड बेसवर किती वर्षं खेळणार, हा प्रश्न सही करतानाच मिटवायला हवा होता. मिटवला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये ॲलेक्स ब्रेग्मनला तीन वर्षांचे 12 कोटी देऊन आणलं, तेव्हा डेव्हर्सने थर्ड बेस आपली असल्याचं जाहीरपणे सांगितलं. मग त्याला नुसता फलंदाज म्हणून वापरलं. मे महिन्यात फर्स्ट बेसच्या ट्रिस्टन कॅसासच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि डेव्हर्सला फर्स्ट बेस खेळशील का विचारलं. तो नाही म्हणाला. 15 जूनला, यांकीजविरुद्धचे तिन्ही सामने जिंकल्याच्या दिवशी, त्याला सॅन फ्रान्सिस्कोला धाडलं. उरलेले 25 कोटींहून अधिक त्यांनी उचलले, आणि बोस्टनला मिळाले जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन, जेम्स टिब्ज आणि होसे बेयो. हिक्सने मार खाल्ला. टिब्जला दीड महिन्यात डस्टिन मेसाठी डॉजर्सना देऊन टाकलं. डेव्हर्स जुलैत सॅन फ्रान्सिस्कोसाठी फर्स्ट बेसवर उभा राहिला!

यात खेळाडूचाही दोष आहे, तो मी लपवत नाही. पण फर्स्ट बेसचा सराव वसंतातल्या सहा आठवड्यांत करायचा असतो. ग्लव्ह वेगळा, पायांची ठेवण वेगळी, बंटवर (फलंदाजाने चेंडू हलकेच पुढे टेकवला तर) पुढे धावायचं की बेस राखायची हा अंदाज वेगळा. मे महिन्यात, फलंदाजी ऐन भरात असताना हे सांगणं म्हणजे नकाराला आमंत्रण होतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत करार लवकर होऊ लागलेत. सेदान राफाएला आठ वर्षं 5 कोटी, गॅरेट क्रोशे सहा वर्षं 17 कोटी, रोमन अँथनी आठ वर्षं 13 कोटी. क्रोशे तर यायला चार महिने होतात न होतात तोच बांधला गेला. हे मनापासून आवडलं. मात्र अँथनी, राफाएला, अब्रेयू आणि जॅरन ड्युरान असे चौघे आउटफिल्डच्या तीन जागांसाठी आहेत आणि नुसत्या फलंदाजाची चौथी जागा मसाताका योशिदाच्या 2027 पर्यंतच्या 9 कोटींच्या करारात अडकलेली आहे. चौघांपैकी ड्युरानचं घड्याळ सगळ्यात पुढे गेलेलं आहे, आणि हंगामागणिक त्याचा भाव उतरत जाणार.