युंगहान्स बी ०९ : चालीची बाजू पूर्ण, टोल्याची बाकी

युंगहान्स या जर्मन कंपनीचं हे जुनं टोल्याचं घड्याळ दुरुस्तीला घेतलंय. वेळ चालवणारी चाकांची बाजू झाली, टोले वाजवणारी बाकी. मशीनच्या मागच्या पाटीवर (चाकं ज्या दोन पत्र्यांमध्ये बसतात त्यातल्या एकावर) आठ टोकांची चांदणी, तिच्या पोटात ‘जे’ हे अक्षर, खाली ‘बी ०९’. म्हणजे मशीन १९०९ च्या दुसऱ्या सहामाहीतलं. पहिल्या सहामाहीला ‘ए’ असतो. ही चांदणी १८९० पासूनची, तेव्हा मेळ बसतो. हे वय फक्त मशीनचं. लाकडी पेटीत मशीनच्या बैठकीजवळ जुनी, बुजवलेली स्क्रूची भोकं दिसली की समजावं, पेटी दुसऱ्या मशीनची.

मशीन उघडल्यावर या घराण्याचा इतिहासच समोर येतो. एरहार्ड युंगहान्स यांनी मेहुण्याच्या भागीदारीत १८६१ मध्ये ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्रामबेर्गला कारखाना काढला, तो आधी सुट्या भागांचा. भाऊ झावर अमेरिकेत राहून आलेला. त्याच्याबरोबर पत्रा ठोकून एकसारखे भाग काढायची तिकडची रीत आली. १८७० मध्ये एरहार्ड गेल्यावर आधी पत्नी लुईझ आणि मग मुलांनी धंदा सांभाळला. १९०३ पर्यंत कामगार ३,००० च्या वर गेले होते. (बाणांचा छाप दिसला तर तो हॅम्बुर्ग-अमेरिकन कंपनीचा. तीही श्रामबेर्गचीच, एरहार्डच्या जावयाने काढलेली आणि पुढे युंगहान्समध्येच विलीन झालेली.) घराण्याचा हिस्सा १९५६ मध्ये डील या जर्मन उद्योगसमूहाकडे गेला.

त्या अमेरिकन रीतीमुळेच इथे पाट्या कापून पोकळ केलेल्या, पिनियन (छोटी दातेरी चाकं) पिंजऱ्याचे, म्हणजे दातांऐवजी काड्यांचे, आणि स्प्रिंग डबीविना उघडी. उघड्या स्प्रिंगला आधी पूर्ण चावी द्यायची, तिला बांधून ठेवणारं कडं अडकवायचं, मग चावी घट्ट धरून, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खिट्टी) उचलून ती हळूहळू कड्यात उतरवायची. दोन्ही स्प्रिंगा बांधल्याशिवाय पाट्यांच्या नटांना हात लावू नये. सुटलेली स्प्रिंग चाकाचे दात आणि बोटं दोन्ही घेऊन जाते.

झीज अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या चाकाच्या मागच्या भोकात निघाली. भोक लांबट झालं की दात खोलवर बसत नाहीत, जोर वाया जातो आणि आठ दिवसांचं घड्याळ पाचव्या दिवशी थांबतं. पंचाने भोवतालचं पितळ ठोकून भोक आवळण्याची जुनी सवय कृपया सोडा. आधी पिव्हट (भोकात फिरणारं आसाचं टोक) घासून चकचकीत केला, भोक न झिजलेल्या बाजूकडे कानशीने सरकवून मूळ मध्य साधला, मग रीमरने भोक गोल करून त्यात बुश (नवी बारीक नळी) बसवला. चाक एकट्या पाटीत उभं केल्यावर सगळीकडे साधारण ५ अंश कललं पाहिजे. तेल फक्त पिव्हटांना आणि अँकरच्या (चाकाचा एकेक दात अडवून सोडणाऱ्या भागाच्या) तोंडांना, पिंजऱ्याच्या काड्यांना अजिबात नाही. खोबरेल तर नकोच, थंडीत गोठतं.

लंबक मूळचा नव्हता. दात मोजून मिनिटाला १४० ठोके आले, म्हणजे सैद्धांतिक लांबी १८.२ सेंमी. या लांबीला दिवसाकाठी १ मिनिटाचा फरक पाव मिमीत जातो. घड्याळ रोज ४ मिनिटं मागे पडत होतं. नटाचा आटा अर्ध्या मिमीचा, तेव्हा दोन फेरे वर. टिकटिक लंगडी असेल तर पेटी कलती करून बघा. ज्या बाजूने उचलल्यावर ठोके समान पडतात, त्याच बाजूला लंबक ढकलणारी तार किंचित वाकवायची.

टोल्याची बाजू पुढच्या खेपेला. मोजणीच्या चाकाचा (किती टोले पडायचे ते ठरवणाऱ्या खाचांच्या चाकाचा) अडसर खाचेत बसलेला असताना हातोडीची शेपटी पिनेपासून मोकळी हवी, नाहीतर चाकांची गाडी सुरू होतानाच ओझ्याखाली अडते. पूर्वसूचनेच्या चाकाची (टोल्याच्या थोडं आधी सुटून पुन्हा अडवलं जाणाऱ्या चाकाची) पिन तेव्हा आपल्या अडसरापासून अर्धा फेरा लांब ठेवायची आहे. आत्ता ती जेमतेम पाव फेऱ्यावर येते, म्हणून मागची पाटी पुन्हा सैल करावी लागणार.