खांडस ते भीमाशंकर: एक चढ आणि एक चाल

कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटा आहेत. गावापुढच्या पुलाशी त्या वेगळ्या होतात, सह्याद्रीच्या निम्म्या उंचीवर पदरवाडीजवळ पुन्हा एकत्र येतात आणि तिथून एकच वाट घाटमाथ्यावर चढते. डावीकडची शिडी घाटाची वाट कमी अंतराची, उभी आणि कातळाला लोखंडी शिड्या लावलेली. उजवीकडची गणेश घाटाची वाट डोंगराला वळसे घालत, वाटेतल्या गणपतीच्या देवळावरून सावकाश वर नेणारी. चालणे आणि ट्रेक करणे यांत नेमका फरक काय, यावर घरात बसून कितीही वाद घालता येतो. पण शिडी घाटाने चढून, वर मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी गणेश घाटाने उतरले, तर तो फरक एकाच फेरीत पायांना कळतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही तेच केले.

आम्ही म्हणजे मी, माझी एक मैत्रीण आणि थोरल्या बहिणीचे यजमान. भावोजी साठीचे आहेत आणि रोज सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारतात. तो परिघ सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे आणि भावोजींच्या फेऱ्या इतक्या नियमित असतात की कट्ट्यावर बसणारे लोक त्यांच्यावरून घड्याळ लावून घेतात, असे बहिणीचे म्हणणे. त्यांचे ठाम मत असे, की ट्रेक हा चालण्याचाच एक प्रकार आहे, फक्त जमीन थोडी तिरकी असते आणि तरुण मंडळी पाठीला सॅक अडकवून त्याचा बाऊ करतात. त्यांचा दम आणि पायांतली ताकद मला ठाऊक होती, त्यामुळे ते येतो म्हणाले तेव्हा मला काळजी वाटली नाही. बूट मात्र बदलायला लावले. सपाट तळव्याचे चालण्याचे बूट फरसबंदीवर कितीही मऊ लागले, तरी दवाने ओलसर झालेल्या कातळावर ते घसरतात. तिथे खोल खाचांचा, पकड घेणारा रबरी तळ लागतो.

कर्जतला उतरून कशेळेमार्गे खांडसला पोहोचलो तेव्हा ऊन नुकतेच शेतांवर आले होते आणि समोर सह्याद्रीची भिंत अजून सावलीत होती. गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून सोबत घेतला. शिडी घाटाच्या सुरुवातीला ढोरवाटा पुष्कळ फुटतात आणि नवख्याची त्यांत हमखास फसगत होते, म्हणून हा खर्च करावाच. पहिला टप्पा शेतांच्या बांधांवरून आणि विरळ झाडीतून जाणारा, जवळजवळ सपाट होता. भावोजी त्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासाची हकिगत सांगत होते: बिल्डर किती चौरस फूट जास्त देतो आहे, तळमजल्यावरचे भाडेकरू सही का करत नाहीत, सोसायटीच्या सभेत कोण कोणावर ओरडले. हकिगत लांबत गेली आणि आम्ही ऐकत चालत राहिलो. वाटेकडे कोणाचेच लक्ष नव्हते, तसे ते असण्याची गरजही नव्हती.

चालण्याचे मर्म याच निश्चिंतपणात आहे, असे मला वाटते. सपाट जमिनीवर पाय आपोआप पडतो. टाच टेकते, अंग ताठ पायावरून पुढे झुलते, दुसरा पाय मागून येतो. उलट्या टांगलेल्या लंबकाप्रमाणे शरीर एका पावलात मिळालेली गती बरीचशी पुढच्या पावलात वापरते, त्यामुळे स्नायूंना फार थोडे काम उरते आणि मेंदूला तर जवळपास काहीच नाही. मोकळे झालेले मन मग बिल्डरकडे, हिशेबांकडे, जुन्या भांडणांकडे जाते. वारीला जाणारी माणसे दिवसाचे पंधरा-वीस किलोमीटर अभंग म्हणत जातात, ते या लयीमुळेच शक्य होते. ताल धरून मैलोन्‌मैल पडणारे पाऊल हे चालण्याचेच पाऊल आहे.

मग ओढ्याचे कोरडे पात्र आले. मोठमोठे गोटे, त्यांच्या फटींत साचलेला पालापाचोळा आणि पुढे एकदम उभा राहिलेला चढ. भावोजींचे वाक्य "तेव्हा सेक्रेटरी म्हणाला की" इथपर्यंत येऊन थांबले, आणि सेक्रेटरी काय म्हणाला ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. धाप लागली म्हणून ते थांबले असे नव्हते. बोलायला लक्षच शिल्लक राहिले नव्हते. कोणता गोटा डुगडुगतो, कोणत्या मुळावर भार टाकता येईल, पाय पूर्ण टेकायचा की नुसता चवडा, हा निर्णय प्रत्येक पावलाला घ्यावा लागतो आणि मागच्या पावलाचा निर्णय पुढच्याला उपयोगी पडत नाही. माझ्या लेखी फरक इथेच पडतो. अंतर आणि उंची या गोष्टी दुय्यम आहेत. ज्या क्षणी जमीन आपले लक्ष मागू लागते, त्या क्षणी चालणे संपून ट्रेक सुरू झालेला असतो.

अर्थात उंचीचा हिशेब अगदीच सोडून देता येत नाही. खांडसपासून माथ्यापर्यंत ढोबळमानाने आठ-नऊशे मीटरचा चढ आहे. सत्तर किलोच्या माणसाला नऊशे मीटर वर उचलायला सुमारे दीडशे किलोकॅलरी इतके काम लागते. पण स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामात उतरवतात, म्हणून शरीरातून सहाशेच्या आसपास जातात. सपाट चालीतली लंबकाची सवलत चढावर मिळत नाही. प्रत्येक पावलाला सगळे वजन नव्याने वर उचलावे लागते. शिवाजी पार्कवर ताशी साडेपाच किलोमीटर चालणारा माणूस इथे दर वीस पावलांनी थांबतो, यात त्याच्या प्रकृतीचा दोष काहीच नाही.

शिड्या तीन आहेत. पहिली समोर येते तेव्हा झाडीतून एकदम कातळाची भिंत उभी राहते आणि तिला टेकलेली लोखंडी शिडी दिसते. आम्ही गेलो तेव्हा तिचे दांडे माणसांच्या हातांनी घासून गुळगुळीत झाले होते आणि काही आडव्या पट्ट्या मधोमध वाकल्या होत्या. वाटाड्याने खाली उभे राहून सांगितले, "काका, एका वेळी एकानंच चढायचं. हाताची पकड आधी, पाय मागनं." भावोजींनी पहिली शिडी न बोलता पार केली. दुसऱ्या शिडीच्या वर मात्र कातळाला बिलगून आडवे जायचा छोटा टप्पा आहे. तिथे पाऊलभर रुंदीची जागा, डाव्या हाताला पकडायला खाच आणि उजवीकडे सरळ खाली झाडांचे शेंडे. ते तिथे थबकले. वाटाड्या पुढे होता, तो दोन पावले मागे आला, खाचेत आपला हात घालून दाखवला आणि म्हणाला, "हितं बघा. खाली बघून तिकडं काय मिळायचं नाही." भावोजींनी हात घातला, बोटांनी खाच चाचपली, भार टाकून पाहिला आणि मग पाय हलवला. एवढ्याशा अंतराला त्यांना मिनिटभर लागले असेल. तेवढ्या वेळात आमच्यापैकी कोणाच्याही मनात दुसरा विचार आला नसावा.

ट्रेकमध्ये हात लागू लागले की आणखी एक सीमा जवळ येते. शिडी घाटात हात आधारापुरते लागतात. गणेश घाटाच्या बाजूला उभ्या असलेल्या पदरगडावर मात्र कातळातल्या चिमणीतून, म्हणजे दोन भिंतींमधल्या उभ्या अरुंद फटीतून, पाठ आणि पाय दोन्ही भिंतींना रेटून चढावे लागते आणि तिथे जाणारे शहाणे लोक दोर घेऊन जातात. त्याला प्रस्तरारोहण म्हणावे. त्याच्या वाटेला आम्ही गेलो नाही.

शिड्या संपल्यावर वाट झाडीतून वर येते आणि पदरावर उघडी पडते. सह्याद्रीच्या कड्याखाली निम्म्या उंचीवर जी सपाटी असते तिला पदर म्हणतात. वाडीला आणि गडाला नाव त्यावरूनच मिळाले. इथल्या झोपडीत चहा, लिंबू सरबत आणि पोहे मिळाले. भावोजींनी सरबताचे दोन पेले लागोपाठ संपवले आणि मग मला विचारले, "अगं, अंतर किती झालं आपलं?" मी फोनवर पाहून सांगितले तेव्हा त्यांना ते खरेच वाटेना. रोजच्या फेऱ्यांत ते याहून जास्त चालत असत आणि तेही नाश्त्याच्या आधी.

डोंगरात अंतर किलोमीटरमध्ये विचारणे फारसे उपयोगाचे नसते, हे फार जुने शहाणपण आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशेब मांडला: दर 3 मैलांना एक तास आणि त्यावर दर 2,000 फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात सांगायचे तर 5 किलोमीटरला एक तास आणि 600 मीटर चढाला एक तास. वाट आठ किलोमीटरची धरली, तर सपाटीवर तिला दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागेल. नऊशे मीटरच्या चढाचा दीड तास त्यात मिळवला की तीन तासांहून थोडे जास्त होतात. हा हिशेबही धडधाकट माणसाचा, चांगल्या वाटेचा आणि विश्रांती न धरता केलेला आहे. शिड्यांवरची खोळंबणारी रांग, सरबत आणि फोटो यांच्यासह आम्हाला माथा गाठायला पाच तास लागले. आमच्या भागात वाट विचारली की लोक अंतर न सांगता "दोन तासांचा रस्ता आहे" असे सांगतात, ते मला नेस्मिथइतकेच शास्त्रशुद्ध वाटते. फक्त ते दोन तास सांगणाऱ्याच्या पायांचे असतात, हे लक्षात ठेवावे.

पदरवाडीच्या पुढचा चढ उन्हात सुरू होऊन दाट जंगलात शिरतो. हे भीमाशंकर अभयारण्य. 1985 मध्ये ते जाहीर झाले आणि आपला राज्यप्राणी शेकरू हे त्याचे भूषण आहे. शेकरू आम्हाला दिसले, पण केव्हा, तर थांबलो तेव्हा. चढताना नजर पुढच्या तीन-चार फुटांत अडकलेली असते. झाडांच्या शेंड्यांकडे ती जाते ती धाप टाकायला उभे राहिल्यावरच. मैत्रिणीने बोट दाखवले तेव्हा ते फांदीवर पोटावर पसरून निवांत पडले होते, तांबूस-तपकिरी पाठ आणि खाली लोंबणारी झुपकेदार शेपटी. आम्ही त्या झाडाच्या बुंध्याशीच उभे होतो आणि आणखी दोन पावले चाललो असतो तर ते आम्हाला दिसलेही नसते.

माथ्यावर सगळे चित्र पालटले. पुण्याकडून, मंचरमार्गे एसटीने आणि गाड्यांनी आलेले लोक दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून देवळाकडे जात होते, दोन्ही बाजूंना प्रसादाची आणि खेळण्यांची दुकाने होती, आणि आमच्या धुळीने माखलेल्या पँटींकडे पाहून एका आजींनी "कुठं पडलात का काय?" अशी आपुलकीने चौकशी केली. दर्शन घेतले. देवळासमोरची मोठी घंटा पाहिली. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी तिथून आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक. ती घाटमाथ्यावर कशी आणली असेल, यावर भावोजी आणि मैत्रीण रात्री जेवताना बराच वेळ वाद घालत होते. मुक्कामाच्या खोलीविषयी सांगण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशी गणेश घाटाने उतरलो. पदरवाडीपर्यंतचा उतार आदल्या दिवशीचाच. गुडघ्यांना तो चढापेक्षा जड गेला. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कठड्याला धरून कण्हतो ते यामुळेच. गुडघा किंचित वाकलेला ठेवून, छोटी पावले टाकत, तिरपे तिरपे उतरावे. सरळ धावत सुटणारी कॉलेजची मुले पाहिली की मला त्यांच्या चाळिशीची काळजी वाटते.

पदरवाडीच्या पुढे मात्र वाट रुंद आणि मवाळ झाली. पाय पुन्हा आपोआप पडू लागले, हात मोकळे झाले, आणि सेक्रेटरी काय म्हणाला ते भावोजींनी सविस्तर सांगितले. डोंगर तोच, उंची तीच, पण ही चाल होती. महाशिवरात्रीला कोकणातले भाविक मोठ्या संख्येने याच वाटेने वर जातात आणि त्यांत म्हाताऱ्या बायकाही असतात, याचे मग नवल वाटेनासे झाले.

गणपतीच्या देवळाच्या थोडे वर आम्हाला खालून येणारा एक माणूस भेटला. पन्नाशीचा असावा. डोक्यावर रेशनच्या धान्याचे पोते, पायांत प्लॅस्टिकच्या चपला आणि कानाशी एका हाताने धरलेला फोन. तो कोणाशी तरी बैलाच्या किमतीबद्दल हुज्जत घालत होता आणि त्याच्या आवाजात धाप नावालाही नव्हती. आम्ही बाजूला सरलो, त्याने मान हलवून आभार मानले आणि बोलणे न थांबवता पुढे गेला. भावोजी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा शिवाजी पार्कला आला, तर माझ्या किती फेऱ्या मागे टाकील?" वाटाड्या हसला. तो म्हणाला, "काका, त्यो शिडीनंबी पोतं घेऊन येतो. आज फोनवर बोलायचं व्हतं म्हणून हिकडनं आला."

मी मघाशी काढलेल्या सीमारेषेची जागा त्या वाक्याने बरीच हलली. दगड कोणता डुगडुगतो हे ज्याला लहानपणापासून पाठ आहे, त्याच्याकडे जमीन लक्ष मागत नाही. आमचा ट्रेक ही त्याची बाजाराची वाट असते. तरीही बोलायचे असले की तोही शिडी सोडून गणेश घाट धरतो, एवढे माझ्या बाजूने म्हणता येईल.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. पावसाळ्यात शिडी घाट टाळावा. शिड्या आणि कातळ शेवाळतात, शेजारचे ओढे तासाभरात फुगतात आणि प्रशासनाचे बंदी आदेशही असू शकतात. तेव्हा गणेश घाटानेच जावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ दोन्ही वाटांना चांगला. शिडी घाट चढायला वापरावा, उतरायला नको, कारण शिडीवर पाठमोरे उतरताना पाय कुठे टेकतो ते दिसत नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी खांडसलाच भरून घ्यावे, आणि परतीच्या रिक्षाचे सकाळीच ठरवून ठेवावे. दुपारनंतर गावात गाडी मिळेल याची खात्री नसते.