1905 चं रजिस्टर आणि बाबांचा प्रश्न

मी उत्तर इंग्लंडमध्ये एका रेकॉर्ड ऑफिसमध्ये काम करते, जुने सरकारी कागद साफ करायचे आणि त्यांचा कॅटलॉग करायचा. 1894 च्या कायद्यानंतर इथल्या लहान लहान गावांमध्ये अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिल आल्या, म्हणजे साधारण आपली नगरपालिकाच, आणि त्यांना एक हेल्थ ऑफिसर आणि एक 'इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस', म्हणजे स्वच्छता निरीक्षक, ठेवावाच लागायचा. माझे बाबा सांगलीकडे नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते त्यामुळे या इन्स्पेक्टरचं तक्रारींचं रजिस्टर हातात आलं की मला घरचंच काहीतरी उघडल्यासारखं वाटतं.

मंगळवारी 1905 चं रजिस्टर घेतलं. जूनमधे एक तक्रार, चार घरांना मिळून एक संडास, खाली खड्डा आणि वरून चुलीची राख टाकायची, तो भरून अंगणात वाहतोय. दोष बांधकामाचा म्हणून नोटीस मालकाला. पुढे नुसता रिकामा रकाना. मग सहज म्हणून साथरोगांचं रजिस्टर काढलं (1899 पासून डॉक्टरांनी टायफॉईड, घटसर्प असले आजार कळवणं सगळीकडे सक्तीचं झालं होतं) आणि सप्टेंबरमधे तोच पत्ता! एंटेरिक फीवर म्हणजे टायफॉईड, मुलगी, वय 9. जंतू मारायला खोली बंद करून गंधक जाळला अशी नोंद, आणि संडास पाडून नवा बांधला ती नोंद थेट नोव्हेंबरमधली.

मला इतका राग आला की लंच ब्रेकमधे बाबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अगं, टायफॉईड दुधातूनही येतो, पाण्यातूनही येतो, संडासावर एकदम ढकलू नकोस. नोटिशीनंतर तो इन्स्पेक्टर परत कधी गेला ते बघ आधी."

बघितलं. सात आठवड्यांनी. पण मधली पानं वाचली तर हाच एक माणूस गोठे, कत्तलखाने, बेकऱ्या, गटारं सगळं एकटा बघतोय, रोज पाच सहा घरं, आणि मालकाला कोर्टात न्यायचं तर कमिटीचा ठराव पाहिजे आणि कमिटी महिन्यातून एकदा बसणार. शिवाय 1875 च्या कायद्याने घरात शिरायची परवानगी सकाळी 9 ते संध्याकाळी 6 एवढीच. हे वाचताना मला पुण्यातला 1897 चा प्लेग आठवल्याशिवाय राहिला नाही, तिथे त्याच इंग्रजांचे सोल्जर घराघरात घुसत होते, देवघरापर्यंत.

"एकटाच होता ना तो," बाबा म्हणाले, "फेरतपासणीला माणूस लागतो गं, नोटीस काय कोणीही लिहितं."

मुलीच्या नावापुढे फक्त 'हॉस्पिटलला हलवलं' असं लिहिलंय. तेव्हापासून बाबा रोज विचारतात, पोरगी घरी आली का? हॉस्पिटलचं रजिस्टर अजून बॉक्समधेच आहे, सोमवारी पहिलं तेच उघडणार आहे.