मग काढलंस काय?

डिसेंबर २०१७. हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळाचा 'कोबोल्ड्स अँड कॅटाकॉम्ब्स' हा नव्या कार्डांचा संच नुकताच आला होता. पॅक फोडले आणि त्यातून कॉरिडॉर क्रीपर नावाच्या एपिक, म्हणजे दुर्मीळ, कार्डाच्या दोन प्रती निघाल्या. कार्ड एकदा वाचलं. ७ माना, म्हणजे टाकायची किंमत (माना दर टर्नला एकाने वाढतात), आणि ५/५, म्हणजे वार ५ आणि जीव ५. त्याच ७ मानाला ७/७ देणारा वॉर गोलेम तेव्हा बेसिक कार्डांत फुकट मिळायचा आणि त्याला कुणी हिंग लावून विचारत नसे. मग हा ५/५ कोण घेणार? दोन्ही प्रती मोडल्या आणि प्रत्येकी १०० डस्ट (नवीन कार्ड बनवायला लागणारं खेळातलं चलन) पदरात पाडून घेतलं. थोड्याच दिवसांत लॅडरवर, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांत, समोरचा गडी हाच क्रीपर जवळजवळ फुकटात टेबलावर आणायला लागला. शेवटी मोडलेल्या त्याच दोन प्रती ४००-४०० डस्ट मोजून मी परत बनवल्या.

कार्डावर खाली एक ओळ होती: हे कार्ड हातात असताना कोणताही मिनियन (टेबलावर उतरवलेला लढवय्या) मेला की याची किंमत १ मानाने कमी होते. मी ती वाचली नव्हती असं नाही. वाचली आणि 'एवढे मरतात कुठे' असं मनाशी म्हणून सोडून दिली. मरतात किती, हे मोजायची तसदी मात्र घेतली नाही.

नंतर घेतली. खेळताना शेजारी कागद ठेवला आणि मिनियन मेला की एक रेघ. पहिल्याच गेममध्ये डोळे उघडले. पहिल्या टर्नला माझा एक छोटा पायरेट, त्याच्यामागून डेकमधून (न उचललेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून) आपोआप धावत आलेला पॅचेस नावाचा दुसरा पायरेट, समोरच्याचा एक मिनियन. दुसऱ्या टर्नला आपटाआपटी: एक माझा गेला, एक त्याचा. दोन रेघा. तिसऱ्याला पुन्हा तेच. पाचव्या टर्नला कागदावर सहा रेघा होत्या, क्रीपर १ मानाचा झाला होता आणि त्याला टाकूनही माझ्याकडे ४ माना शिल्लक होते. कार्ड 'कोणताही मिनियन' म्हणतं. त्यात समोरच्याचेही आले आणि पॅलाडिन या हिरोचे (हिरो म्हणजे खेळाडू निवडतो ते पात्र) चिल्लर १/१ रिक्रूटही आले. मी फक्त माझे मोजले होते, तेही अंदाजाने.

ही काही माझी पहिली चूक नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, 'जर्नी टू अन्गोरो' आला तेव्हा, मी बरोबर उलटी चूक केली होती. वॉरलॉक या हिरोचं लक्कारी सॅक्रिफाइस हे क्वेस्ट कार्ड बघून मी हरखून गेलो. सहा कार्डं टाकून द्या आणि बक्षीस म्हणून असं पोर्टल मिळवा, जे दर टर्नच्या शेवटी दोन ३/२ इंप बाहेर काढतं. कायमचं. ते पोर्टल नष्ट करता येत नाही. मी पहिल्याच दिवशी १६०० डस्ट ओतलं. आणि खेळायला बसलो तर काय, क्वेस्ट सुरुवातीच्या हातात हमखास येतं, म्हणजे तीनातली एक जागा तिथेच गेली. पहिल्या टर्नचा माना ते ठेवण्यात गेला. सहा कार्डं टाकेपर्यंत हात रिकामा, आणि पोर्टल टाकायला ५ माना, म्हणजे त्या टर्नला टेबलावर जवळपास काहीच नाही. इंप यायला लागेपर्यंत समोरच्याने मला अर्धमेला केलेलं असायचं. असं लेजेंडरी, म्हणजे सर्वांत दुर्मीळ प्रतीचं, कार्ड मोडलं की ४०० मिळतात. १२०० पाण्यात.

बक्षिसाकडे बघून मी कार्डाची किंमत ठरवली होती, आणि ते बक्षीस मिळेपर्यंत मी जिवंत असेन हे गृहीत धरलं होतं.

तेव्हा माझ्यासोबत खेळणाऱ्या एका मित्राला मी तावातावाने पोर्टलची ताकद समजावून सांगत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बरं, मग काढलंस काय?"

मला उत्तर देता येईना. डेक ३० कार्डांचा. नवीन कार्ड आत घ्यायचं म्हणजे जुनं एक बाहेर काढायचं. इतके दिवस मी नवीन कार्डाकडे एकट्याने बघत होतो, लग्नाच्या स्थळासारखं: उंची किती, रंग कसा, शिक्षण काय. ज्याच्या जागी ते येणार त्याच्याशी त्याची तुलना कधी केलीच नव्हती.

त्यानंतर मी एक वही केली. नवीन संचातली कार्डं आधी दाखवली जातात तेव्हाच, संच यायच्या आत, त्यात लिहायचं. एका रकान्यात 'आत', दुसऱ्यात 'बाहेर'. 'बाहेर'मध्ये नाव सुचलं नाही तर कार्डावर बोलायचंच नाही, हा नियम. आणि तारीख टाकायची. तारीख फार महत्त्वाची. संच आल्यावर दोन आठवड्यांनी 'हे मला आधीच वाटलं होतं' असं म्हणणारे आपण सगळेच असतो, मीही.

वहीची पहिली खरी परीक्षा ऑगस्ट २०१७ मध्ये झाली. 'नाइट्स ऑफ द फ्रोझन थ्रोन', १३५ कार्डं, आणि त्यात प्रिन्स केलेसेथ. २ मानाला २/२, आणि डेकमध्ये दुसरं एकही २ मानाचं कार्ड नसेल तर डेकमधल्या सगळ्या मिनियनना +१/+१. लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. २ मानाची कार्डं म्हणजे वेगवान डेकचा कणा, तोच काढून टाकायचा? मीही वहीत लिहिलं: 'बाहेर: इव्हिसरेट, सॅप. परवडत नाही.' इव्हिसरेट आणि सॅप, रोग (Rogue) या हिरोची दोन हुकमी कार्डं, दोन्ही २ मानाची.

मग गणित मांडलं. केलेसेथची गंमत दुसऱ्या टर्नला आहे. तो आठव्या टर्नला हातात आला तर नुसता २/२. दुसऱ्या टर्नपर्यंत तो मिळतो किती वेळा? पहिला खेळणाऱ्याला ३ कार्डं मिळतात, नको ती मुलिगनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या अदलाबदलीत, बदलता येतात, आणि बदललेलं कार्ड लगेच परत तुमच्याच हातात येत नाही. म्हणजे केलेसेथसाठी सगळं बदललं तर ३० पैकी ६ कार्डं दिसतात, २० टक्के. पहिल्या दोन टर्नला उचललेली दोन कार्डं धरली की साधारण २६ टक्के. दुसरा खेळणाऱ्याला ४ कार्डं मिळतात, त्याचे होतात जवळपास ३२. म्हणजे पहिला खेळताना चारातले तीन गेम केलेसेथशिवाय जाणार, आणि त्या तीन गेममध्ये २ मानाची जागा रिकामी. मी वहीत फुली मारली आणि शांत झोपलो.

आणि साफ तोंडावर आपटलो. गणित बरोबर होतं, पण प्रश्न अर्धाच विचारला होता. रोगला दुसऱ्या टर्नला काही टाकायला नसलं तरी त्याची हिरो पॉवर (कार्डाशिवाय दर टर्नला वापरता येणारी हिरोची ताकद) २ मानाचीच आहे. खंजीर काढायचा, पुढच्या दोन टर्नला वार करायचा. ती टर्न वाया जात नाही. म्हणजे जी जागा मी 'रिकामी' म्हणत होतो ती या एका हिरोकडे आधीच भरलेली होती. दुसऱ्या हिरोसाठी माझी फुली कदाचित योग्य असती. त्यात शॅडोस्टेप हे शून्य मानाचं कार्ड. केलेसेथला हातात परत घ्यायचं, त्याची किंमत २ ने कमी, म्हणजे फुकट, आणि तो पुन्हा टाकायचा. +२/+२. डेकमधून धावत येणारा १/१ पॅचेस आता ३/३ होऊन आला आणि येताक्षणी वार करून गेला. मी समोर बसून बघत होतो.

त्या दिवशी 'बाहेर'च्या रकान्याला एक शेपूट जोडलं: 'बाहेर काढल्यावर त्या टर्नला मी करणार काय?' तरीही चारच महिन्यांत क्रीपर मोडला, ते वर आलंच आहे. वहीत तो लिहिलाच नव्हता. ज्या कार्डाला आपण हसतो ते लिहायचे कष्ट कोण घेतो.

लिहिणं झालं की खेळून बघायचं, आणि इथे वेगळ्याच प्रकारे फसायला होतं. सुरुवातीला मी २० गेम खेळायचो, १२ जिंकले की कार्ड चांगलं म्हणायचो. पण मुळात निम्मे गेम जिंकणारा डेकसुद्धा २० पैकी १२ किंवा जास्त गेम साधारण चारातून एकदा नुसत्या नशिबाने जिंकतो. शिवाय त्या २० मधल्या बऱ्याच गेममध्ये नवीन कार्ड हातात आलेलंच नसतं. मग तो विजय कुणाच्या नावावर? म्हणून आता मी विजय मोजत नाही, नोंद वेगळीच ठेवतो. कार्ड हातात आलं तेव्हा ते पहिल्या संधीला टाकावंसं वाटलं की हातात पडून राहिलं? त्या क्षणी ते काढलेलं जुनं कार्ड हातात असतं तर बरं झालं असतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चार-पाच वेळा 'हो' आलं की मी पुढे खेळत नाही. जुनं कार्ड परत.

लाखो गेमचे आकडे देणाऱ्या साइट आहेत, त्या बघतोच. पण त्यातला एक आकडा मला बराच काळ फसवत राहिला: 'टाकल्यावर किती टक्के जिंकले'. बोनमेअर घ्या. तेव्हा ७ माना, ५/५, आणि टेबलावरच्या आपल्या एका मिनियनला +४/+४ आणि टाँट (समोरच्याला आधी त्याच्यावरच वार करावा लागतो). हे टाकल्यावरचे आकडे छान दिसणारच, कारण सातव्या टर्नला तुमचा मिनियन टेबलावर जिवंत असेल तर तुम्ही बहुधा आधीच पुढे असता. हरणारा माणूस बोनमेअर हातात धरूनच हरतो, आणि तो गेम त्या आकड्यात येतच नाही. 'हातात आल्यावर किती जिंकले' हा आकडा त्यापेक्षा प्रामाणिक.

फेब्रुवारी २०१८ मध्ये क्रीपरला नर्फ झाला, म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनी त्याला कमजोर केलं, ५/५ चा २/५. पॅचेसचा चार्जही (येताक्षणी वार करणं) त्याच वेळी गेला. नर्फ झालेलं कार्ड मोडलं की पूर्ण डस्ट मिळतं, त्यामुळे माझे ८०० परत आले. मूळच्या दोन प्रती ठेवल्या असत्या तर तेच ८०० एकदाही खर्च न करता मिळाले असते. हा हिशोब मित्राला सांगितला नाही.

एप्रिलमध्ये 'द विचवुड' आला आणि वहीची पंचाईत झाली. बाकू द मूनईटर: डेकमध्ये सगळी कार्डं विषम किमतीची असतील तर हिरो पॉवर सुधारते. गेन ग्रेमेन: सगळी सम असतील तर हिरो पॉवर १ मानाला. 'बाहेर'च्या रकान्यात काय लिहू? अर्धा डेक? पण केलेसेथचा धडा ताजा होता. आणि इथे त्या २६ टक्क्यांची भानगडच नव्हती. ही दोन्ही कार्डं हातात यायचीही गरज नाही, गेम सुरू होतानाच काम करतात, दर गेमला. मी वहीत मोठ्या अक्षरात 'घ्या' लिहिलं. हिरो मात्र चुकलो. बाकूसाठी हंटर लिहिला आणि लॅडरवर विषम पॅलाडिनने मला बडवून काढलं. पण गेनबरोबर सम पॅलाडिन मला जमला. त्याचा प्राण म्हणजे कॉल टू आर्म्स: ४ मानाला डेकमधून तीन छोटे मिनियन थेट टेबलावर.

मे महिन्यात कॉल टू आर्म्सची किंमत ४ ची ५ झाली. एका मानाने कार्ड काही मरत नाही. पण ५ विषम. ते डेकमध्ये राहिलं तर गेन गप्प बसतो.

वही उघडली. पहिल्यांदाच 'बाहेर'चा रकाना मला विचार न करता भरता आला: कॉल टू आर्म्स, दोन प्रती. 'आत'चा रकाना कोरा. मित्राला फोन केला. त्याने विचारलं, "मग घालतोस काय?"